पॉइंट रेयेसचा जुना टोपो नकाशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येला पॅसिफिक महासागरात घुसलेला एक द्वीपकल्प आहे, पॉइंट रेयेस. बे एरियातली बरीच मराठी मंडळी हिवाळ्यात दीपगृह आणि देवमासे बघायला तिथे जातात. मी जाताना सोबत जुन्या टोपो नकाशाची, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशाची, छापील प्रत नेतो. ती गाडीच्या बॉनेटवर पसरली की आजूबाजूचे चार जण वाकून बघतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हा नेमका कोणता नकाशा?

खरं तर तो एकच नकाशा नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने, म्हणजे यूएसजीएसने, या भागाची शीटं दोन पिढ्यांमध्ये काढली. पहिली पिढी १५ मिनिटांची (ही मिनिटं अक्षांश-रेखांशांची, एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट), प्रमाण १:६२,५००. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतलं ‘पॉइंट रेयेस’ शीट त्यातलं. दुसरी पिढी साडेसात मिनिटांची, १:२४,००० प्रमाणाची. ती १९५० च्या दशकात निघाली. तिच्यात हाच परिसर ड्रेक्स बे, इन्व्हर्नेस, टोमालेस, डबल पॉइंट आणि बोलिनास अशा शीटांत विभागला आहे.

जुन्या शीटवर एक सेंटिमीटर म्हणजे ६२५ मीटर, नव्या शीटवर २४० मीटर. डोंगर, खाडी आणि किनारा यांचा मेळ एका नजरेत हवा असेल तर जुनं शीट घ्या. एखाद्या रँचचा गोठा कुठे आणि घर कुठे हे शोधायचं असेल तर नवं. मला दोन्ही लागतात.

रँच म्हणजे काउबॉय, घोडे आणि मैलोन्‌मैल मोकळं रान ना?

इथे तसं नव्हतं. पॉइंट रेयेसच्या रँच दुभत्या गाईंच्या होत्या. काउबॉयचं चित्र मनात ठेवून नकाशा बघितला तर तो उलगडत नाही. धारा काढायच्या तर गाई रोज दोन वेळा गोठ्यात यायला हव्यात, म्हणून गोठा चराईच्या मधोमध हवा. बारमाही झऱ्याचं पाणी जवळ हवं, वाऱ्याला आडोसा हवा आणि माल बाहेर काढायला धक्क्यापर्यंत रस्ता हवा. नकाशावर दर दोन-तीन किलोमीटरांवर चार-पाच काळ्या चौकोनांचा एक पुंजका दिसतो तो यासाठी.

ही जागा दुधाच्या धंद्यासाठीच घडवल्यासारखी आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सगळ्यात वाऱ्याच्या आणि धुक्याच्या ठिकाणांमध्ये पॉइंट रेयेसची गणना होते. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे आतले डोंगर वाळून पिवळे पडतात, तेव्हाही इथल्या गवताला धुक्याची ओल मिळत राहते. १८४९ नंतर सोन्याच्या मागे आलेल्या माणसांनी सॅन फ्रान्सिस्को फुगलं आणि त्या शहराला लोणी हवं होतं. १८५७ च्या सुमारास स्टील कुटुंबाने इथे दुभती जनावरं आणली. १८६० च्या दशकात लोण्याच्या उत्पादनात मरिन काउंटी, म्हणजे हा जिल्हा, राज्यात आघाडीवर होती. लोण्यावर ‘पीआर’ असा शिक्का असे. साय काढलेलं दूध डुकरांना घालत आणि तीही शहरात विकायला जात. त्या काळी यांत्रिक शीतगृहं नव्हती. मीठ, थंड हवा आणि शिडाचं गलबत यांच्या भरवशावर हा धंदा उभा राहिला.

नकाशावर ‘ए रँच’, ‘बी रँच’, ‘सी रँच’ अशी नावं का आहेत?

जवळजवळ सगळा द्वीपकल्प एका वकिली घराण्याच्या हाती आला म्हणून. कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आल्यावर मेक्सिकन काळातल्या जमिनींच्या मालकीवरून वर्षानुवर्षं खटले चालले. त्या खटल्यांच्या गुंत्यातून ऑस्कर आणि जेम्स शॅफ्टर हे वकील भाऊ आणि त्यांचे भागीदार जमिनीचे धनी झाले. पुढे ऑस्करचा जावई चार्ल्स वेब हॉवर्ड त्यांच्यात सामील झाला. जमीन त्यांनी स्वतः कसली नाही. तुकडे पाडून दुभत्या गाईंसकट खंडाने दिले आणि तुकड्यांना इंग्रजी मुळाक्षरांची नावं दिली. दीपगृहाजवळच्या टोकावर ‘ए’ आणि तिथून आत येत येत माउंट विटेनबर्गजवळ ‘झेड’. खातेवहीतले क्रमांक असावेत तशी ही नावं आहेत.

या रँचवर राबले ते मात्र वेगळे लोक. आयर्लंडमधून, स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या भागातून, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेली ही कुटुंबं. मालक शहरात आणि कूळ वाऱ्यात हे चित्र आपल्या कोकणाला अनोळखी नाही. खोती पाहिलेल्या घरातल्या माणसाला ही अक्षरं वाचताना आत काहीतरी हलतं. माझं तसं झालं. १९१९ नंतर हॉवर्ड घराण्याची मोठी जमीन विकली गेली आणि पुढे बऱ्याच रँच तिथे राबणाऱ्या कुटुंबांच्या मालकीच्या झाल्या. अक्षरं तेवढी राहिली.

उत्तरेच्या टोकावरची पिअर्स रँच या मुळाक्षरांत नाही. ती जमीन १८५८ मध्येच सॉलोमन पिअर्सने विकत घेतली होती. नकाशावर तिची ‘अपर’ आणि ‘लोअर’ अशी दोन ठाणी दिसतात.

रंग आणि खुणा कशा वाचायच्या?

तपकिरी रेषा म्हणजे कंटूर (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा), निळं म्हणजे पाणी, काळं म्हणजे माणसाने केलेलं. जुन्या शीटांवर एवढंच आहे. १९५० च्या दशकातल्या शीटांवर झाडीचा हिरवा रंग आला, मोठ्या रस्त्यांचा लाल आला. काही प्रतींवर जांभळा रंग दिसतो. त्या दुरुस्त्या पुढे हवाई छायाचित्रं बघून भरलेल्या आहेत, जागेवर जाऊन तपासलेल्या नाहीत.

या नव्या शीटांवर रँच वाचायला तीन खुणा पुरतात. भरीव काळा चौकोन म्हणजे राहतं घर. पोकळ किंवा तिरप्या रेघांचा चौकोन म्हणजे गोठा, कोठार. बारीक तुटक लाल रेघ म्हणजे कुंपण किंवा शेताची हद्द. आता घर आणि गोठा यांच्यातलं अंतर बघा, गोठा कोणत्या उताराच्या आडोशाला आहे ते बघा, कुंपण कोणत्या ओढ्यापर्यंत उतरतं तेही बघा. दहा मिनिटांत तिथला दिवस कसा चालत असेल याचा अंदाज बांधता येतो. कंटूरचे आकडे फुटांत आहेत, हे विसरू नका. माउंट विटेनबर्ग १,४०७ फूट म्हणजे सव्वाचारशे मीटरच्या आसपास, आपल्या टेकड्यांच्या हिशेबातला डोंगर.

बाकी कॅलिफोर्नियाच्या नकाशांवर लाल चौकटींचं जाळं असतं. इथे ते का नाही?

फार चांगला प्रश्न. अमेरिकेची सरकारी जमीन एक मैलाच्या चौकोनांत मोजली गेली, सहा मैल गुणिले सहा मैलांची एक टाउनशिप धरून. पण ही मोजणी होण्याआधी जी जमीन मेक्सिकन सरकारने खासगी लोकांना दिली होती, ती या जाळ्यातून वगळली गेली. पॉइंट रेयेस जवळजवळ सगळंच अशा देणगी-जमिनींचं. म्हणून इथे चौकटी दिसत नाहीत. त्यांच्या जागी तिरक्यातिरक्या हद्दी आणि लांब स्पॅनिश नावं दिसतात, पुन्ता दे लोस रेयेस, तोमालेस इ बाउलिनेस. एका नावापुढे ‘सोब्रांते’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ उरलेली जमीन. आधीच्या देणग्या वजा करून शिल्लक राहील ती याची, असा तो व्यवहार.

या देणग्यांसाठी हाताने काढलेले रंगीत नकाशे जोडत, त्यांना ‘दिसेन्यो’ म्हणत. त्यांत मोजमापापेक्षा ओळखीच्या खुणा जास्त असत, अमुक ओढा, तमुक टेकडी, एखादं मोठं झाड. १८५१ च्या कायद्यानंतर मालकी सिद्ध करायला हेच कागद कोर्टात गेले. अशा मोघम रेषांतून वकिलांना किती काम मिळालं असेल, ते वरच्या शॅफ्टर प्रकरणात दिसतंच.

या सगळ्याच्या आधी तिथे कोण होतं? नकाशावर त्यांचं काही दिसतं का?

किनाऱ्यावरचे मिवोक लोक होते, हजारो वर्षं. त्यांच्या शंभराहून जास्त वस्त्यांच्या जागा या द्वीपकल्पावर सापडल्या आहेत. नकाशावर त्यांतली एकही नाही. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकच्या १५७९ च्या मुक्कामाची आठवण नकाशावर ठळक आहे, ड्रेक्स बे, ड्रेक्स एस्तेरो. स्पॅनिश दर्यावर्दी सेबास्तियान विस्काइनोने जानेवारी १६०३ मध्ये तीन राजांच्या सणाला ठेवलेलं ‘पुन्ता दे लोस रेयेस’ म्हणजे राजांचं टोक, तेही आहे. ज्यांनी त्या ड्रेकला खाऊ-पिऊ घातलं त्यांचं गाव मात्र नाही.

त्यांचे शब्द उरलेत ते नावांच्या आत. ‘ओलेमा’ हे नाव कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या मिवोक शब्दावरून आलं. टोमालेस आणि जवळचा टामलपाइस डोंगर या दोन्हींत ‘टमाल’ आहे, पश्चिम या अर्थाचा. मिवोक वंशजांच्या ग्रॅटन रँचेरिया या जमातीला २००० साली अमेरिकी सरकारची मान्यता परत मिळाली आणि २०२१ पासून ती जमात इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या (पॉइंट रेयेस राष्ट्रीय सागरकिनारा) कारभारात भागीदार आहे. नकाशा लोकांना दाखवताना मी सुरुवात इथूनच करतो. घराचे काळे चौकोन बघून झाले की हा प्रश्न कुणी विचारत नाही.

क्रीमरी बे, स्कूनर बे, बुल पॉइंट अशी नावं कुठून आली?

ड्रेक्स एस्तेरो ही खाडी नकाशावर पंजासारखी दिसते. तिच्या बोटांची नावं स्कूनर बे, होम बे, बॅरीज बे, क्रीमरी बे. ही माझ्या सगळ्यात आवडीची जागा, कारण इथे सगळा धंदा नावांतच लिहिलेला आहे. शिडाची स्कूनर गलबतं भरतीबरोबर खाडीत आत येत आणि लोणी-डुकरं घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला जात, ती स्कूनर बेमधून. होम रँच ही इथल्या सगळ्यात जुन्या रँचपैकी एक, तिच्या पायथ्याची खाडी होम बे. क्रीमरी म्हणजे जिथे दुधाची साय काढून लोणी करतात ती जागा. बुल पॉइंटला तर अर्थ सांगायलाच नको.

नावाची जागा नकाशावर बोटाने दाबून धरा. ओहोटीला तिथे नुसता चिखल उघडा पडतो. गलबतवाल्यांना भरतीचं गणित किती काटेकोर पाळावं लागत असेल ते त्यावरून कळतं.

टोमालेस बे एवढी सरळ रेषेत कशी?

ती सान अँड्रियास भ्रंशावर आहे, म्हणजे भूकवचाचे दोन मोठे तुकडे (प्लेट) एकमेकांना घासून सरकतात त्या भेगेवर. वायव्येकडून आग्नेयेकडे पट्टी ठेवून ओढावी तशी खाडी, पुढे ओलेमाचं खोरं, पुढे बोलिनासची खाडी. या रेषेच्या पश्चिमेचा सगळा द्वीपकल्प पॅसिफिक प्लेटवर आहे, पूर्वेचा भाग उत्तर अमेरिकन प्लेटवर. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात पश्चिमेची बाजू वायव्येकडे सरकली. बेअर व्हॅलीत, म्हणजे डब्ल्यू रँचवर, एक कुंपण सुमारे १६ फूट तुटून बाजूला गेलं. आज त्या जागी ते तसंच पुन्हा उभारून ठेवलं आहे. तुटलेल्या टोकापाशी उभं राहून दुसऱ्या टोकाकडे बघा. मध्ये पाच-सहा ढांगांची रिकामी जागा आहे आणि ती काही सेकंदांत पडली. नकाशाच्या प्रमाणात हे अंतर पेन्सिलच्या टोकाएवढंही नाही.

नकाशावर छापलेलं साल खरं मानायचं का?

जपून. एकाच कागदावर तीन-चार सालं असतात. मोजणीचं साल वेगळं, आवृत्तीचं वेगळं, पुनर्मुद्रणाचं वेगळं, जांभळ्या दुरुस्तीचं आणखी वेगळं. मोजणीनंतर वीस-तीस वर्षांनी तेच शीट जसंच्या तसं पुन्हा छापलं जाई. त्यामुळे ‘अमुक साली हे घर उभं होतं’ असं म्हणायच्या आधी समासातला मजकूर पूर्ण वाचा आणि मोजणीचं साल धरा. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

मला लिमंटूर किनाऱ्याजवळ एका शीटवर रस्त्यांची आखणी दिसली. तिथे तर काहीच नाही!

बरोबर बघितलंत. तिथे बंगल्यांची वसाहत होणार होती. रस्ते आखले गेले, काही घरं उभीही राहिली. १३ सप्टेंबर १९६२ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी पॉइंट रेयेस राष्ट्रीय सागरकिनाऱ्याच्या कायद्यावर सही केली आणि तो बेत थांबला. पुढे घरं काढून टाकली.

हे नकाशे मिळतात कुठे? पैसे पडतात का?

एक पैसाही पडत नाही. यूएसजीएसने १८८४ ते २००६ दरम्यान छापलेले १,७८,००० हून अधिक टोपो नकाशे स्कॅन करून ठेवले आहेत. ‘टोपोव्ह्यू’ या त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन पॉइंट रेयेस शोधा, साल निवडा, उतरवून घ्या. जेपेग, जिओ-पीडीएफ, जिओ-टिफ असे पर्याय आहेत. नुसतं बघायचं, छापायचं तर जेपेग. फोनवर किंवा क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत आजच्या नकाशावर ठेवायचं तर जिओ-टिफ, त्यात नकाशाच्या जागेची माहिती सोबत असते. हे नकाशे सार्वजनिक मालकीचे आहेत, लेखात वापरायला परवानगी लागत नाही.

आणखी मागे जायचं असेल तर अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याची हस्तलिखित शीटं बघा, त्यांना ‘टी-शीट’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचा तिपाईवरचा पाट) मांडून काढलेली, १:१०,००० प्रमाणाची. त्यांत किनाऱ्याची रेघ इतक्या मायेने काढलेली असते की छापील टोपो नकाशा त्यापुढे कोरडा वाटतो. हीही फुकट बघता येतात.

दीपगृह सापडत नाही. कुठल्या शीटवर आहे?

हा घोळ नेहमीचा आहे. शीटांचं जाळं पूर्ण अंश-मिनिटांवर आखलेलं असतं आणि दीपगृहाचं टोक ३८ अंश उत्तरेच्या किंचित दक्षिणेला, १२३ अंश पश्चिमेच्या किंचित पलीकडे आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी चौकटीबाहेर! ड्रेक्स बे शीटपासून सुरुवात करा आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात चौकटीबाहेर वाढीव तुकडा छापला आहे का ते बघा. दीपगृह १८७० सालचं आहे, पहिल्या पिढीच्या शीटच्या आधीचं.

जुना नकाशा फोनवर टाकला तर गोठा आणि किनारा जागेवरून सरकलेले दिसतात. असं का?

दोन कारणं असतात. समासातले अक्षांश-रेखांश वाचून तुम्ही ते थेट फोनमध्ये टाकले असतील तर १९५० च्या दशकातल्या शीटांवरचे आकडे अक्षांश-रेखांश ठरवण्याच्या १९२७ च्या प्रणालीतले आणि फोन आजच्या प्रणालीतला. कॅलिफोर्नियात त्यामुळे साधारण १०० मीटरचा फरक पडतो. जिओ-टिफ वापरलं तर हा हिशेब आपोआप होतो. दुसरं कारण खरंखुरं आहे, कडा झिजतात. आधी पहिलं कारण तपासा, मगच समुद्राला दोष द्या.

होकायंत्र वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. समासात दिलेला चुंबकीय उत्तरेचा कोन आज लागू नाही. तो आता तिथे साधारण १३ अंश पूर्व आहे, १९५० च्या दशकातल्या शीटांवर त्याहून चारेक अंश जास्त छापलेला असतो.

आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटशी याचं नातं काय?

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे नकाशे लगेच वाचता येतील. आपली जुनी एक इंच शीटंही १५ मिनिटांचीच होती, एका इंचाला एक मैल. अमेरिकेचं १:६२,५०० हे प्रमाण त्याच्या अगदी शेजारचं. ज्याने जुन्या शीटवर हरिश्चंद्रगडाचे कडे वाचलेत त्याला टोमालेस पॉइंटच्या कड्यांची दाट कंटूर नव्याने शिकवावी लागत नाही. फरक उपलब्धतेचा. किनाऱ्यालगतची आपली शीटं दीर्घकाळ मर्यादित वापरासाठीच होती. २००५ च्या धोरणाने आणि नंतर २०२१ च्या नियमांनी वाट मोकळी होत गेली. कोकणातल्या एखाद्या वाडीचे शंभर वर्षांतले सगळे नकाशे घरबसल्या एकाखाली एक लावून बघता यावेत ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

नकाशावरच्या रँच आज आहेत का?

उद्यान झाल्यावर सरकारने जमिनी विकत घेतल्या आणि बऱ्याच कुटुंबांना पट्ट्याने तिथेच राहू दिलं. पिअर्स रँचचं काम १९७३ मध्ये थांबलं, तिची पांढरी घरं-गोठे जपून ठेवले आहेत आणि आवारात फिरून बघता येतात. १९७८ मध्ये टोमालेस पॉइंटवर ट्यूल एल्क ही हरणं परत आणून सोडली. पुढे गाई की एल्क यावरून मोठा वाद पेटला. जानेवारी २०२५ मध्ये तडजोड जाहीर झाली. उरलेल्या १४ पैकी १२ रँचनी मोबदला घेऊन सुमारे १५ महिन्यांत निघून जायचं मान्य केलं.

ओढे स्वच्छ व्हावेत आणि रान परत यावं, असं मलाही वाटतं. पण रँचवर भाड्याने राहणाऱ्या, मजुरी करणाऱ्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागत आहेत. त्यांची नावं कुठल्या मुळाक्षरात कधीच नव्हती. दीडशेहून अधिक वर्षांचं एवढं काम एका पिढीच्या डोळ्यांदेखत उठतंय. त्याची नोंद कुणीतरी जागेवर जाऊन, नकाशा हातात धरून करायला हवी.

पहिल्यांदा जाणार असेन तर नकाशा घेऊन कुठे उभं राहू?

बुल पॉइंटच्या वाटेच्या सुरुवातीला, जिथे गाड्या लावतात तिथे. आजचा नकाशा तिथे मोकळं कुरण दाखवतो. जुन्या शीटवर तिथे एफ रँच आहे, चौकोनांचा चांगला ठसठशीत पुंजका. प्रत्यक्षात उरलेत ते सायप्रसचे जुने वृक्ष, वाऱ्याला अडवायला लावलेले आणि वाऱ्यानेच एका बाजूला वाकवलेले. झाडांच्या आडोशाला या आणि वारा कसा थांबतो ते बघा. मग शीट उघडा, कागद चारी बाजूंनी धरायला दोघं लागतात. घराचा चौकोन शोधा आणि तिथून स्कूनर बेकडे उतरणारी तुटक वाट बोटाने धरा.

ती वाट आखायला मात्र जुना नकाशा वापरू नका. जुन्या वाटा बुजल्या आहेत, कडे ठिसूळ आहेत. चालायला उद्यानाचा आजचा नकाशा घ्या, आणि अंगात जाड स्वेटर, जुलै असला तरी.